सा, प आणि पंधरा वॉट

गिटार नीट वाजवता येत नसलेल्या माणसाला ॲम्प बदलायची घाई फार. बोटं सुधारायला वर्षं जातात. ॲम्प सकाळी ठरवला की संध्याकाळी घरात. माझी बोटं कॉलेजात जिथे होती तिथेच आहेत. बँकेत मात्र मधल्या काळात बढत्या मिळत गेल्या, आणि खापर फोडायला दरवेळी आधीपेक्षा महागडं डोकं परवडू लागलं. आधी ते तारांच्या डोक्यावर फोडलं, मग पिकअपच्या, मग केबलच्या. केबल बदलली तेव्हा मी बायकोला मुद्दाम समोर बसवून जुन्या आणि नव्या केबलवर एकच तुकडा वाजवून दाखवला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग? दुसरा कधी वाजवतोयस?”

शेवटी पाळी आली कोपऱ्यातल्या काळ्या डब्याची. दहा वॉटचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा सरावाचा ॲम्प. त्यावर एक लाल बटण होतं, ते दाबलं की डिस्टॉर्शन चालू. एका रविवारी ते दाबून मी डोळे मिटून वाजवत होतो, तर खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दारातूनच म्हणाले, “मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का बघा जरा.”

काकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आवाज तसाच होता. आम्हा गिटारवाल्यांना आवाज फाटलेला हवा असतो, पण उबदार फाटलेला. आमच्या बोलण्यात आवाज मलईदार असतो, जाड असतो, त्याला अंग असतं. एडी व्हॅन हेलनच्या आवाजाला तर जगभरचे गिटारवाले तपकिरी म्हणतात. नेमकं ऐकू काय येतं, हे कोणी सांगत नाही. दोन-तीन महिने व्हिडिओ बघून मीही “मिडला जरा अंग कमी पडतंय” असं मान तिरकी करून म्हणायला शिकलो. वाजवण्यापेक्षा हे फार लवकर जमतं.

गंमत अशी, की हा आवाज जन्माला आला तोच बिघाडातून. १९५१ साली आयक टर्नरच्या बँडचा ॲम्प मेम्फिसला रेकॉर्डिंगला जाताना वाटेत मोडला. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि ‘रॉकेट ८८’ वर तो घोगरा आवाज कायमचा उमटला. लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’साठी स्पीकरला भोकं पाडली, असं सांगतात. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. त्या लोकांनी चालू वस्तू फुकटात बिघडवल्या. आम्ही बिघडलेली वस्तू हप्त्यांवर घेतो.

तर, उबदार आवाजाला व्हॉल्व्ह पाहिजे, यावर सर्व जाणकारांचं एकमत. काचेच्या नळीतला, लालसर उजळणारा, आजोबांच्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह. त्यातही ईएल ८४ या व्हॉल्व्हवर माझं मन बसलं, कारण क्वीनचा ब्रायन मे ज्या व्हॉक्स एसी ३० वर वाजवतो, त्यात हे चार असतात. आता क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला पाचगणीत होता. म्हणजे धागा धरून मागे गेलं तर आवाज आपल्या सातारा जिल्ह्यातलाच निघतो. हा युक्तिवाद मी बायकोपुढे केला. ती म्हणाली, “मग पाचगणीलाच जाऊ या ना. त्यात चौघांचं होईल.”

दुकानात गेलो. अशा दुकानांत बिल करणाऱ्यापेक्षा भीती असते ती गिऱ्हाइकांची. प्रत्येक दुकानात एक शाळकरी पोरगा असतोच, जो काही विकत घेत नाही, फक्त थक्क करणारं वाजवत बसतो. तो श्वास घ्यायला थांबला की आपली पाळी. मला लोकांसमोर वाजवण्यासारखे एकूण अडीच तुकडे येतात. मी त्यातला अर्धा वाजवला, बोटं मोडली आणि विक्रेत्याला म्हणालो, “तुम्हीच वाजवा, मला लांबून टोन ऐकायचाय.” बोटांची ही पळवाट त्याच्या रोजच्या ओळखीची असावी. त्याने मुकाट्याने गिटार घेतली, व्हॉल्यूम सातावर नेला आणि एकच कॉर्ड मारली.

काय सांगू! आवाज छातीत घुसला आणि तिथेच थांबला. कडेला किंचित फाटलेला, आत भरीव, आणि विरताना पुन्हा स्वच्छ होत जाणारा. माझ्या तोंडून “आहाहा” निघालं. विक्रेत्याच्या लेखी सौदा तिथेच झाला.

किती वॉटचा, ते मी विचारलं. पंधरा. इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. शंभर वॉटचे ॲम्प स्टेडियममध्ये वापरतात, पन्नासचे हॉलमध्ये. आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब पंधरा वॉटचा आहे. झिरोच्या बल्बाला घाबरणारी सोसायटी अजून बांधली गेलेली नाही. घेऊन टाकला.

तो उचलताना पहिली शंका आली. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये लोखंडी गाभ्याचे दोन ट्रान्सफॉर्मर असतात, आणि ते पंधरा वॉटच्या मानाने वजन करत नाहीत.

घरी व्हॉल्यूम एकवर ठेवून वाजवलं. आवाज बारीक, कोरडा, अंग कुठेच नाही. दोनवर तेच. तीनवर काचेच्या कपाटातल्या कपबश्या बोलायला लागल्या आणि लेक अभ्यासाचं पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. पाचावर खालून काका आले. “चमचा निघालेला दिसतोय,” ते म्हणाले, “आता काय, मोटार जळतेय?” सातावर, म्हणजे जिथे मलई, अंग आणि साताऱ्याचा आवाज होता तिथे, मी फक्त एकदा गेलो. सगळे लग्नाला गेले होते तेव्हा. तरी शेजारच्या इमारतीतून फोन आला.

यामागचं कारण साधं आहे. ती ऊब काही एखाद्या बटणात भरून ठेवलेली नसते. व्हॉल्व्हकडून त्याच्या कुवतीबाहेर काम मागितलं की तो दमतो, लाटेचे शेंडे दाबायला लागतो, आणि ते दमणं आपल्याला गोड लागतं. माझा ॲम्प दमायचा तो सातावर. त्यातल्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ९८ डेसिबल आवाज निघतो. पंधरा वॉट दिले की ११०. राहत्या भागात कायद्याला दिवसा ५५ डेसिबल चालतात, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. शिवाय कानाचा हिशेब बँकेसारखा नसतो. वॉट दहापट केले तर आवाज कुठे दुप्पट वाटतो. उलट बाजूने, पंधराऐवजी दीड वॉटचा ॲम्प आणला असता तरी काकांना तो निम्माच कमी वाटला असता. ही सगळी आकडेमोड खरेदीनंतरची. खरेदीच्या वेळी झिरोचा बल्ब पुरला होता.

सोसायटीचं पत्र आलं. ‘वाद्यवादनामुळे रहिवाशांच्या शांततेचा भंग’ वगैरे. खाली सेक्रेटरींची सही. हेच गृहस्थ गणेश मंडळाचे खजिनदार आहेत आणि दर भाद्रपदात गेटसमोर उभ्या राहणाऱ्या स्पीकरच्या भिंतीचं भाडं त्यांच्याच सहीने जातं. मी तो मुद्दा काढला नाही. पुढच्या वर्गणीत त्याची किंमत वसूल झाली असती.

तेव्हा संध्याकाळी जेवणं झाल्यावर, दहाच्या आत, दोनवर ठेवून मी वाजवू लागलो. सगळं घर माझ्या विरोधात असताना बाजू घेतली ती आईने, आणि तिला संगीताशी काही देणंघेणं नव्हतं. डिसेंबर होता. पुण्यात थंडी बरी पडली होती आणि तिचं दही लागत नव्हतं. व्हॉल्व्हचा ॲम्प तासभर चालला की वरून चांगला गरम होतो, हे एकदा पुसताना तिच्या हाताला कळलं. दुसऱ्या दिवसापासून विरजणाचं भांडं ॲम्पवर बसू लागलं. दहाला मी बंद केलं की आई त्यावर जुनी शाल गुंडाळायची. सकाळी कवडी दही. “आज वाजव रे थोडं जास्त,” ती सांगायची, “दूध उरलंय.” इतकी मागणी माझ्या वादनाला आयुष्यात आली नव्हती.

आणि तिथेच माशी शिंकली. एका रात्री तार खेचताना मी जरा जास्तच भावनेच्या भरात मागे झुकलो. केबल ताणली गेली, ॲम्प हलला, भांडं कलंडलं आणि कोमट दूध मागच्या जाळीतून आत गेलं. चर्र झालं. मग घरघर सुरू झाली, मधूनमधून तडतड. मी प्लग काढला. वास मात्र बासुंदीचा येत होता.

दुरुस्तीला न्यायचा कुठे? मी आधी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून आलो. तिथे व्हॉल्व्ह म्हटल्यावर नळाचा का गॅसचा, असं विचारलं. शेवटी बायको म्हणाली, “खालच्या काकांना दाखव की. ते रेडिओत होते ना?”

काका आकाशवाणीत इंजिनिअर होते. गाण्याबजावण्याशी संबंध नाही, ट्रान्समीटरवर. तिथे हातभर उंचीचे व्हॉल्व्ह असायचे आणि काकांची उभी नोकरी एकच गोष्ट बघण्यात गेली: स्टुडिओतून जसा आवाज निघाला, तसाच तो लोकांच्या घरी पोचला पाहिजे. डिस्टॉर्शन मोजायचं, शोधायचं आणि काढायचं. ज्या गोष्टीसाठी मी हप्ते भरत होतो, ती काढून टाकण्याचा त्यांना सरकार पगार देत होतं.

ॲम्प बघितल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. मागचं झाकण काढून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “ईएल ८४! अहो, हा तर रेडिओतला व्हॉल्व्ह. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह व्हायचे एके काळी.” मग आतलं पांढरं ओघळलेलं बघून थबकले. “हे काय आहे?”

“दूध,” मी म्हणालो.

“विरजण,” आईने दुरुस्ती केली.

“आत तीनशे व्होल्ट असतात, वहिनी! आणि वर तुम्ही...” पुढे त्यांना बोलवेना.

काकांना काम करताना बघणं ही मेजवानी होती. प्लग काढलेला होता, तरी त्यांनी डावा हात पायजम्याच्या खिशात घातला. व्हॉल्व्हवर काम करणाऱ्यांची ही जुनी सवय: एक हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. बंद यंत्रातसुद्धा कपॅसिटर वीज धरून बसतात. काकांनी उजव्या हातात लांब दांडीला जोडलेला रेझिस्टर घेतला, एकेका कपॅसिटरला टेकवून धरला, आणि मीटरचा काटा शून्यावर टेकेपर्यंत बोट लावलं नाही. मग कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून, व्हॉल्व्हच्या बैठकीची एकेक पिन पुसायला घेतली.

पुसता पुसता विचारलं, “तुम्हाला नेमकं हवंय काय?”

मी मलई, अंग वगैरे सांगून पाहिलं. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला एक लाट काढली. “ट्रान्झिस्टरला झेपलं नाही, की तो लाटेचा शेंडा सरळ छाटतो. धार राहते. धारेतून वरचे सूर निघतात, तिसरा, पाचवा, सातवा, आणि पुढे खूप वरपर्यंत. सातवा म्हणजे कोमल निषादाच्याही खाली पडतो, आपल्या कुठल्याच सुरात न बसणारा. तोच तुमचा चमचा. व्हॉल्व्ह शेंडा छाटत नाही, गोल करतो. आणि हा पहिला लहान व्हॉल्व्ह लाट एका बाजूने जास्त दाबतो, त्यामुळे दुसरा सूर येतो. दुसरा म्हणजे तुमचाच सा, वरच्या सप्तकातला. म्हणून कानाला बरं वाटतं.” मग बोळा खाली ठेवून म्हणाले, “पण आहे दोषच. आवाजात जे नव्हतं, ते यंत्राने घातलं.”

सवाई गंधर्व महोत्सव तीन रात्रींचा असायचा तेव्हा काका तिन्ही रात्री सतरंजीवर बसायचे. तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. “काका, तानपुऱ्याची जवारी काय असते मग? घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तार मुद्दाम झणझणवतात. स्वच्छ तार का नाही चालत?”

काका बराच वेळ गप्प होते. जिंकलो, असं मला वाटेपर्यंत. मग म्हणाले, “जवारी लावणारा मिरजेचा माणूस तानपुरा आधी सुरात लावतो.” माझी गिटार शेजारीच उभी होती. तिचा विषय त्यांनी काढला नाही.

चार दिवस ॲम्प काकांकडे होता. पाचव्या दिवशी त्यांनी तो स्वतः वर आणून ठेवला. पैसे घ्यायला तयार नव्हते. “आधी ऐका तर.”

मी वाजवलं. घरघर गेली होती, तडतड गेली होती. मी गेन वाढवला. आवाज स्वच्छ. पूर्ण उजवीकडे फिरवला. तरीही स्वच्छ. कुठे खर नाही, कुठे फाट नाही.

“टिपूसभर डिस्टॉर्शन नाही,” काका म्हणाले. आवाजात तीस वर्षांच्या नोकरीचं समाधान होतं. “पहिला व्हॉल्व्ह फार आगाऊ बसवला होता कंपनीने. ईसीसी ८३. शंभरपट वाढवणारा. त्याची जागा म्हणजे मूळ दुखणं. माझ्याकडे जुना ईसीसी ८२ होता, खोकंसुद्धा न फोडलेला. पिना त्याच, वाढवतो फक्त वीसच्या आसपास. किती वर्षं ठेवला होता मी तो! सार्थकी लागला.”

यावर काय बोलणार? मी पाया पडलो.

पुढचे दिवस फार कठीण गेले. डिस्टॉर्शन पांघरुणासारखं सगळं झाकत असतं, हे ते गेल्यावर कळलं. अर्धवट दाबलेली तार, चुकून लागलेली शेजारची तार, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मध्ये पडणारी खिंड, सगळं लख्ख ऐकू येऊ लागलं. बायको म्हणाली, “आता किती छान वाजतोय रे!” ती ॲम्पबद्दल बोलत होती. लेक दारात उभी राहून ऐकत होती. “बाबा,” तिने काळजीने विचारलं, “तू आत्तापर्यंत हेच वाजवत होतास?”

शेवटी चितळ्यांची बाकरवडी घेऊन मी खाली गेलो. सरळ “काका, बिघडवून द्या” म्हणण्याची माझी छाती नव्हती. म्हणून इतिहासापासून सुरुवात केली. अमेरिकेत लिओ फेंडर म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, पण ॲम्प करायचे उत्तम, आणि त्यांना आवाज स्वच्छ लागायचा.

“समंजस माणूस,” काका म्हणाले.

मग १९६२ च्या सुमारास पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात फेंडरच्याच बासमन ॲम्पवरून एक ॲम्प तयार करायला घेतला. जवळपास तसाच. पण फेंडरने पहिल्या जागी बेताचा व्हॉल्व्ह ठेवला होता, तिथे यांनी ईसीसी ८३ बसवला. “म्हणजे काका, तुम्ही जी जागा बदललीत, अगदी तीच. आणि तिथून पुढे जगभरच्या रॉकचा आवाज आला.”

“हे मार्शल इंजिनिअर का?”

“नाही. ड्रमर.”

“तरीच,” काका म्हणाले.

ब्लेडची गोष्ट मी सांगितली नाही. पण बाकरवडी संपेपर्यंत काका विरघळले. उठले, रुमालात गुंडाळलेला ईसीसी ८३ कपाटातून काढला आणि माझ्याबरोबर वर आले. एक हात खिशात घालून त्यांनी आपला ८२ ओढून काढला, फुंकर मारून खोक्यात ठेवला, ८३ बसवला. मी आईला शेजारी मैत्रिणीकडे आणि लेकीला क्लासला पाठवून दिलं होतं. व्हॉल्यूम सहावर नेला आणि कॉर्ड मारली.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “यात स्वर किती आहेत?”

“दोन. डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला की सगळं गढूळ होतं, म्हणून तो काढतात. फक्त सा आणि प.”

“सा आणि प.” काकांनी ॲम्पकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं. “एवढ्या पैशात मिरजेहून जोडी आली असती हो तानपुऱ्यांची. खोळीसकट.”

जाताना दारात थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आणि हे मी केलंय, असं सोसायटीत कुठे बोलू नका. लोक दुरुस्तीला वस्तू आणतात माझ्याकडे.”